अडीच सेकंदांत उघडणारं पान

"दहा वाजले का गं?" शेवंतामामीनं तिसऱ्यांदा विचारलं.

"दोन मिनिटं आहेत अजून."

"मग दाबू नको. आधी दाबलं की त्ये रुसतंय."

वाघदरीच्या वरच्या माळावर, एका मोठ्या खडकावर आम्ही दोघी उभ्या होतो. गावात रेंज नाही. आजही फारशी नाही, तेव्हा तर अजिबात नव्हती. कुणालाही फोन लावायचा असेल तर अर्धा तास चढून या खडकावर यायचं, असा रिवाजच पडला होता. मामी दर शनिवारी चढायची. तिच्या हातात एक जुना फोन असायचा आणि पदराच्या गाठीत मामाचं केंद्राचं कार्ड. मी सुट्टीला आले होते म्हणून त्या शनिवारी तिच्याबरोबर गेले.

दहा वाजले. मामीनं तालुक्यातल्या डायलिसिस केंद्राच्या साइटचं पान उघडलं. चाक फिरायला लागलं.

पान वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरत होतं. आधी केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टच्या संस्थापिका आक्काताईंचा अंबाडा दिसला. बऱ्याच वेळानं कपाळ आलं, मग चष्मा. चष्म्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडायला लागल्या आणि फोनमधून प्रार्थनेचे दोन शब्द येऊन आवाज बंद पडला. त्याखाली अकरा देणगीदारांचे फोटो, एकामागून एक सरकणारे. आणि हे सगळं उतरून झाल्यावर, अगदी तळाशी, कार्डाचा नंबर टाकायची चौकट. मी घड्याळ लावून बघत होते. चौकट दिसायला बावन्न सेकंद लागले. मामीनं नंबर टाकला, बटण दाबलं, आणि चाक पुन्हा फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. वीस मिनिटांनी फोन गरम होऊन बंद पडला.

मी कोल्हापुरात वेबसाइट बनवायचं काम करायचे. माझं वय तेव्हा एकोणतीस होतं आणि आपल्याला सगळं समजतं याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. पहिली पट्टी उतरली तेव्हाच मला कळलं होतं की कुणीतरी फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यातले फोटो जसेच्या तसे चढवलेत आणि साइट ठेवलीय सातासमुद्रापलीकडच्या कुठल्यातरी स्वस्तातल्या सर्व्हरवर.

मामी खडकावरच बसली. "दर शनवारी ह्येच," ती म्हणाली. "आणि सोमवारी गेलं की सिस्टर म्हणत्यात, लागलाय नंबर, बसा. कवा लागतोय, कसा लागतोय, मला काय म्हाईत न्हाई. पण सुमे, एखाद्या शनवारी न्हाईच लागला तर?"

मी तिला माझ्या धंद्यातल्या अधिकारानं समजावून सांगितलं, की तिनं दाबलेलं बटण तिकडे पोचत असणार, फक्त तिकडचं उत्तर परत येत नसणार. असं होतं कधीकधी. मामीनं मान डोलावली. तिला ते पटलं, आणि मलाही माझं पटलं.

गुंडूमामा घरी सोप्यात बसून होता. एके काळी आजऱ्याच्या बँडमध्ये तो क्लॅरनेट वाजवायचा. लग्नसराईत महिना-महिना घरी येत नसे, आणि आला की पोरांना गोळा करून वराती कशा चालतात त्याच्या नकला करायचा. मला तो आईपेक्षा जवळचा होता. दोन्ही मूत्रपिंडं गेली तेव्हा तो त्रेपन्न वर्षांचा होता. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, तालुक्याच्या केंद्रात मशीनवर चार-चार तास. दिवसाला अर्धा लिटर पाणी, त्यातच चहा आणि आमटी. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, की चार दिवसांच्या वर गेलं तर पाणी फुप्फुसात चढायला लागेल.

मी गेले की तो माझा हात धरून स्वतःच्या डाव्या कोपराखाली ठेवायचा. सुई टोचायला तिथं डॉक्टरांनी शीर धमनीला जोडली होती आणि कातडीखाली सतत घरघरायचं.

"मोटार चालू हाय का बघ," तो म्हणायचा. "चालू हाय तवर मामा तुझा."

सोमवारी मी त्यांच्याबरोबर केंद्रात गेले. आक्काताई ट्रस्टचं हे केंद्र पूर्ण मोफत होतं आणि आठवड्याला फक्त चोवीस माणसं घेऊ शकत होतं. मागणारे पन्नासच्या आसपास. पूर्वी ट्रस्टींची माणसं आधी आणि बाकीची नंतर असा प्रकार चालायचा, त्यावरून मोठी भांडणं झाली होती. मग ट्रस्टचे सचिव कुरणेसर यांनी नियम केला: दर शनिवारी सकाळी दहाला साइटवर नोंदणी सुरू होईल आणि पहिले चोवीस घेतले जातील. कुणाचीही जागा कायमची नाही. कुरणेसर निवृत्त मुख्याध्यापक होते आणि स्वतःच्या सख्ख्या भावालाही त्यांनी वशिल्यानं आत घेतलं नसतं, हे सगळा तालुका जाणून होता.

टेबलामागं नदाफ सिस्टर बसल्या होत्या. पंचेचाळिशीच्या, बुटक्या, चेहऱ्यावर कायम वैताग. मामाचं कार्ड त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "लागलाय नंबर, बसा," एवढंच म्हणाल्या.

मी विचारलं, "सिस्टर, आमचं पान तर उघडतच नव्हतं. मग नंबर लागला कसा?"

"कधी चालतंय, कधी न्हाई," त्या म्हणाल्या. "लागला ना? मग झालं."

तेवढ्यात त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडचा आवाज चढा होता, कुणीतरी मोठा माणूस कुणासाठी तरी नंबर मागत असावा. सिस्टर ऐकत होत्या आणि सांगत होत्या, की साहेब, सर्व्हर डाऊन आहे, शनिवारपासून डाऊन आहे, माझ्या हातात काही नाही, तुम्ही कुरणेसरांशी बोला. त्यांच्यासमोर संगणक सुरू होता. पडद्यावर ट्रस्टची साइट उघडी होती, नोंदींच्या यादीसकट. मी टेबलाच्या कडेला उभी होते आणि मला ते सगळं स्वच्छ दिसत होतं.

ही बाई माझ्या डोक्यात गेली. पगार घेऊन लोकांना टोलवणारी, 'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द पाठ करून ठेवलेली माणसं मी सरकारी कचेऱ्यांमधून शेकड्यानं पाहिली होती. तिथून मी तडक कुरणेसरांकडे गेले.

सर पंख्याखाली बसून लिफाफ्यांवर स्वतः पत्ते लिहीत होते. मी त्यांना बावन्न सेकंदांचं गणित सांगितलं. शहरातल्या माणसाच्या घरी वायफाय, त्याला पान आठ-दहा सेकंदांत दिसतं. डोंगरातल्या बाईला मिनिटभर लागतं, म्हणजे तुमचा नियम सारखा असला तरी शर्यत सारखी नाही. मी हे फुकट दुरुस्त करून देते, फक्त मला मोकळा हात द्या.

"हा अन्याय माझ्या लक्षातच आला नाही," ते म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं.

पुढचे दहा दिवस मी ऑफिसचं काम सांभाळून त्या साइटमागे होते. पाकळ्या काढल्या, प्रार्थना काढली. देणगीदारांवरून रणकंदन झालं; एक साखर व्यापारी म्हणाले की आमचा फोटो पहिल्या पानावर राहील या बोलीवरच आम्ही मशीन दिलंय. त्यांना मी कोल्हापूरहून जाऊन भेटले, चहा प्यायले, त्यांच्या नातवाच्या शाळेचं कौतुक केलं आणि अकराही फोटो वेगळ्या पानावर हलवायला त्यांना राजी केलं. आक्काताईंचा फोटो नखाएवढा करून कोपऱ्यात ठेवला. पहिल्या पानावर फक्त दोन ओळी, चौकट आणि बटण. साइट तिकडच्या सर्व्हरवरून उचलून मुंबईतल्या एका चांगल्या सर्व्हरवर आणली. माझ्या जुन्या फोनवर, मुद्दाम रेंज जेमतेम येणाऱ्या जिन्याखाली बसून, मी पान पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं. अडीच सेकंद.

शुक्रवारी दुपारी जुना सगळा मजकूर नव्या जागी हलवताना मी मागच्या नोंदी चाळत होते. त्यात मला एक गोष्ट दिसली. प्रत्येक शनिवारी दहाच्या आधी, पावणेदहाच्या सुमाराला, अकरा नोंदी झालेल्या होत्या. सगळ्या एकाच संगणकावरून, केंद्रातल्या. दर आठवड्याला अकरा, गेली दोन वर्षं.

मला राग आला, आणि खोटं कशाला सांगू, थोडा आनंदही झाला. माझा संशय खरा ठरला होता. चोवीसातल्या अकरा जागा शर्यत सुरू होण्याआधीच वाटल्या जात होत्या आणि माझी मामी माळावर गरम फोन घेऊन उभी राहत होती. नोंदीत फक्त कार्डांचे नंबर होते. नावांची यादी दुसरीकडे होती. एकदा बोट दाबलं असतं तर नंबरासमोर नाव दिसलं असतं. मी दाबलं नाही. संध्याकाळपर्यंत साइट सुरू करायची होती, आणि कोण मोठ्या घरची अकरा माणसं असणार हे मला न बघताही ठाऊक होतं.

मी कुरणेसरांना फोन केला.

"नदाफ सिस्टर?" ते म्हणाले. "अहो, त्या वीस वर्षं आहेत इथं."

"मी कुणाचं नाव घेत नाही, सर. मी फक्त संगणक कुठला ते सांगतेय."

मग त्यांनी विचारलं, की हे बंद करता येईल का. मी म्हटलं, येईल. दहाच्या आधी कुणालाही, केंद्रातूनसुद्धा, नोंद करता येणार नाही असं मी करते. आणि पासवर्ड फक्त तुमच्याकडे ठेवा, मलाही नको. त्यांनी तसंच केलं. त्याच संध्याकाळी सिस्टरना टेबलावरून काढून आत मशीनवर पाठवलं आणि टेबलावर एक कारकून बसवला.

शनिवारी सकाळी मी कोल्हापुरात माझ्या खोलीत बसून नोंदी बघत होते. पासवर्ड नसला तरी येणारे आकडे मला दिसायचे. मामाचा नंबर मीही इथून टाकू शकले असते, पण मामीचं पान उघडणार याची मला इतकी खात्री होती की ते मनातही आलं नाही. दहाला पहिली नोंद. मग धडाधड. दहा वाजून एक मिनिट चाळीस सेकंदांनी चोवीसावी जागा भरली. एकही गडबड नाही, एकही पान अडकलं नाही. मी सरांना निरोप पाठवला आणि त्यांचं उत्तर आलं, 'आज पहिल्यांदा खरा न्याय झाला.' मामीला फोन लावला तर तो लागला नाही, म्हणजे ती माळावरून उतरली असणार, म्हणजे काम झालं असणार. मी मैत्रिणीला घेऊन मिसळ खायला गेले. त्या दिवशी मी फार खूश होते, आणि तेच मला अजून सहन होत नाही.

बुधवारी दुपारी मामीचा फोन आला. तिला चढून धाप लागली होती की ती रडत होती, आधी कळेना.

"सुमे, मामा निजना झालाय," ती म्हणाली. "बसूनच हाय कालपासनं. व्हट निळं पडल्यात."

मी विचारलं, सोमवारी मशीन झालं ना? ती म्हणाली, न्हाई, नंबर नव्हता. मी ओरडले तिच्यावर. मला का नाही सांगितलं, सोमवारीच का नाही सांगितलं, म्हणून ओरडले. मग गावातल्या जीपवाल्याला आणायला सांगितलं, कोल्हापुरातल्या एका खाजगी रुग्णालयात मशीन तयार ठेवायला लावलं आणि दारात जाऊन उभी राहिले. साडेपाचला जीप आली. मामी मागच्या बाकावर त्याला मांडीवर घेऊन बसली होती. घाट उतरल्यावरच तो गेला होता, पण मामीनं जीपवाल्याला सांगितलं नव्हतं, नाहीतर तो गाडी हळू चालवेल म्हणून. मी गाडीत चढले आणि त्याच्या डाव्या कोपराखाली हात ठेवला. काही घरघरत नव्हतं.

तेरावा झाल्यावर मी केंद्रात गेले. मला भांडायचं होतं. सोमवारी दारातून एका मरणाऱ्या माणसाला परत पाठवलं, त्याचा जाब विचारायचा होता. कुरणेसर नव्हते. नदाफ सिस्टर मागच्या बाजूला, मशीनच्या नळ्या धुवायच्या खोलीत होत्या. मला बघून त्यांनी हातमोजे काढले आणि बसायला स्टूल दिलं.

"मामांचं कळलं," त्या म्हणाल्या. "सोमवारी मी बाहेर आलते. सरांना फोन केला, दोनदा केला. ते म्हणाले, एकासाठी नियम मोडला की सगळ्यांसाठी मोडला. मी मामांना म्हणलं, भाचीला फोन करा, कोल्हापुरात काहीतरी करंल. ते म्हणाले, नको, पोरीनंच हे सगळं केलंय आपल्यासाठी, तिला वाईट वाटंल."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग मी डोळे पुसले आणि एवढा सगळा राग कुठंतरी काढायचाच म्हणून म्हणाले, "सिस्टर, तुमच्या त्या अकरा जागा नसत्या, तर दोन वर्षं माझ्या मामीला माळावर तडफडावं लागलं नसतं."

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला वाटतं, त्या क्षणापर्यंत त्यांना वाटत होतं की मला माहीत आहे.

"तुम्ही नावं न्हाई बघितली?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी बोटांवर मोजत सांगितली. सुळेरानच्या धनगरवाड्यावरची हौसाबाई. पलीकडच्या खोऱ्यातला एक लाकूडतोड्या, त्याच्याकडे फोनच नव्हता. दोघी बहिणी, दोघींनाही एकच आजार. चौथं नाव गुंडू नारायण सुतार, वाघदरी. अकराच्या अकरा माणसं डोंगरातली होती, रेंज नसलेल्या गावांतली.

"शनिवारी मी पावणेदहाला यायची," त्या म्हणाल्या. "ही अकरा आधी घालायची आणि मग साइट चालू व्हायची. तुमची मामी काय दाबायची ते इथं एकदा पण पोचलं न्हाई हो. ते उघडतच नव्हतं, पोचणार कुठनं?"

"मग मामीला सांगितलं का नाही? दर शनिवारी ती..."

"सांगितलं असतं तर त्या चारजणांत बोलल्या असत्या. सरांच्या कानावर गेलं असतं. सर देवमाणूस आहेत, पण त्यांनी त्याच दिवशी बंद केलं असतं." त्यांनी काढलेले हातमोजे बादलीत टाकले. "मोठ्या लोकांचे फोन यायचे. सगळ्यांना सांगायची, सर्व्हर डाऊन हाय. साइट तशीच होती, त्यामुळं सगळ्यांना खरं वाटायचं. आता उघडली तर दोन सेकंदांत उघडतीय. आता कुणाला काय सांगू?"

मी म्हटलं, की त्या शनिवारचे चोवीसही आजारीच होते ना, त्यांनीही नियमानंच नंबर लावले. हे मी का म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही. बुडणारा माणूस हात मारतो तसं काहीतरी असावं.

"व्हय, आजारीच की," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "पण तालुक्याच्या गावातल्या माणसाला इथं न्हाई मिळालं तर तो कोल्हापूरला जातोय, बेळगावला जातोय. पोटाला चिमटा काढतोय पण जातोय. हौसाबाई कुठं जाणार?"

मी विचारलं, बाकीच्या दहा जणांचं काय. सिस्टर म्हणाल्या, दोघांना त्या शनिवारी नंबर लागला, त्यांची पोरं शहरात होती. लाकूडतोड्याचं काही कळलं नाही. हौसाबाई गेली, मामाच्या आधी एक दिवस. बाकीचे सहा कसेबसे दुसरीकडं जाताहेत, किती दिवस जातील ते सांगता येत नाही.

मी त्याच दिवशी कुरणेसरांच्या घरी गेले. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ते ऐकताना खुर्चीत खाली खाली सरकत गेले. त्यांचे डोळे भरले. पण मी म्हटलं की सर, मला पासवर्ड द्या, मी त्या अकरा जागा परत ठेवते, तेव्हा त्यांनी मान हलवली.

"कुठल्या नियमानं ठेवायच्या?" ते म्हणाले. "डोंगरातल्यांना अकरा दिल्या, तर उद्या प्रत्येक ट्रस्टी आपली अकरा माणसं घेऊन येईल. तुम्हीच मला शिकवलंत ना, शर्यत सारखी हवी."

मी महिनाभर त्यांच्यामागे लागले. ट्रस्टच्या बैठकीत विषय मांडायचं त्यांनी कबूल केलं आणि मांडलाही. ट्रस्टी म्हणाले, नव्या साइटबद्दल एकाही माणसाची तक्रार आलेली नाही. ते खरंच होतं. तक्रार करायला माळावर चढावं लागत होतं, आणि ज्यांनी करायची त्यांतले काहीजण उरले नव्हते. नदाफ सिस्टरनी वर्षभरात नोकरी सोडली. मला मात्र त्या साइटमुळे तीन कामं मिळाली. बावन्नचे अडीच कसे केले हे लोक मला विचारायचे आणि सुरुवातीला मी सांगायचेसुद्धा. मग एक दिवस एका बैठकीत सांगता सांगता मी अर्ध्यातच उठून बाहेर आले, आणि तो धंदाच मी सोडला. आता मी एका शाळेत संगणक शिकवते.

मामीला मी काही सांगितलं नव्हतं. आधी तिचं दुःख ताजं होतं म्हणून नाही सांगितलं, मग दिवस गेले म्हणून, आणि नंतर तिच्या तोंडी माझं कौतुक इतकं बसलं की धीरच होईना. ती गावभर सांगायची, भाचीनं दहा दिवस जागून मामासाठी यंत्र सुधारलं. अशी नऊ वर्षं गेली. गेल्या दिवाळीनंतर मात्र मी ठरवून वाघदरीला गेले. तिची साठी उलटून गेली होती, आणि हे ओझं घेऊन मला पुढं जगायचं नव्हतं. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते. मामी, ऐक. तुझा नंबर सिस्टर लावत होत्या. मी ते बंद केलं.

ती चुलीसमोर भाकऱ्या थापत होती. मी पाटावर बसले. काही बोलायच्या आत तीच म्हणाली, की बरं झालं आलीस, तुला एक इचारायचं होतं, कवापासनं इचारीन म्हणत होते.

"विचार की."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"त्या शनवारी पान लगेच उघडलं बघ. हात लावला न लावला तोच उघडलं. मला इतका आनंद झाला, म्या खडकावरच हात जोडलं. मग कार्ड काढलं गाठीतनं. चष्मा घरी राहिलता. आठ आकडं टाकायचं, एक चुकला. पुसला, परत टाकला. परत चुकला. टाकून झालं आणि बटण दाबलं, तर लिहून आलं की जागा भरल्या." ती तव्याकडे बघत होती. "सुमे, खरं सांग. तू तर सगळं नीट करून दिलंतंस. म्याच जरा भराभर केलं असतं, तर लागला असता न्हवं नंबर?"

जुळवलेली वाक्यं माझ्या तोंडात होती. नऊ वर्षं ही बाई हे घेऊन जगली होती. तिला सोडवायला एकच वाक्य पुरेसं होतं, आणि ते बोलल्यावर या घरात ती माझ्याकडे पुन्हा कधी आपलेपणानं बघणार नव्हती. चुलीतलं लाकूड मी उगीच आत सारलं.

मामीनं थोडा वेळ वाट पाहिली.

"तरी म्हणलं," ती म्हणाली, आणि तिनं भाकरी उलटली.